‘इंट्रोस्पेक्ट करा’ असा शेरा आलाय, आता नेमकं काय करू?

वाचकाचं पत्र

नाशिकच्या एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत मी क्वालिटी अ‍ॅशुरन्सला आहे. नोकरीला बारा वर्षं झाली. यंदाच्या अप्रेझल फॉर्मवर साहेबांनी एकच ओळ लिहिली आहे: ‘नीड्स टू इंट्रोस्पेक्ट ऑन हर कम्युनिकेशन विथ द टीम.’ रेटिंगही एक पायरी खाली आलं. माझं दहावीपर्यंत शिक्षण मराठी माध्यमात झालं. पहिल्यांदा वाचताना मला ते ‘इंट्रोव्हर्ट’ वाटलं, म्हणजे मी लोकांत मिसळत नाही अशी तक्रार असावी. घरी येऊन शब्दकोश उघडला तर ‘अंतर्मुख होणे, आत्मपरीक्षण करणे’. त्याने गोंधळ वाढलाच. मी कमी बोलते असं म्हणायचंय की जास्त बोलते?

तेव्हापासून रात्री झोप लागत नाही. बारा वर्षांतली सगळी बोलणी डोक्यात फिरतात. कोणाला काय म्हणाले, साहेबांना ते कोणी सांगितलं असेल, ते माझ्याबद्दल नक्की काय समजतात, पुढच्या वर्षी काय होईल. एकदा प्रॉडक्शनमधल्या एका नवीन मुलाचं बीएमआर (बॅच तयार करतानाच्या नोंदींचं रेकॉर्ड) मी सगळ्यांसमोर परत केलं होतं आणि ‘एवढंही येत नाही का?’ म्हणाले होते. पण त्या दिवशी डिस्पॅचची गाडी उभी होती आणि त्याने ओव्हररायटिंग केलंच होतं. मिस्टर म्हणतात, सोडून दे, साहेबांना रकाना भरायचा होता म्हणून लिहिलं.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. या शब्दाचा नेमका अर्थ काय? मी चुकले असाच त्याचा अर्थ होतो का, आणि आत्मपरीक्षण करायचं म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? फॉर्मवर ‘एम्प्लॉयी कमेंट्स’चा रकाना पुढच्या शुक्रवारपर्यंत भरायचा आहे, त्यात काय लिहू, आणि हाच शब्द वापरू का?

— एक वाचक, नाशिक

उत्तर

प्रिय ताई,

आधी शब्दाचं बघू, कारण तिथला गोंधळ तुमच्या इंग्रजीचा नाही. आपल्याकडे ‘अंतर्मुख’ हा एकच शब्द दोन वेगळ्या इंग्रजी शब्दांसाठी वापरला जातो, म्हणून कोश उघडूनही तुमच्या हाती काही लागलं नाही. दोन्ही शब्द लॅटिनमधून आलेत. ‘इंट्रो’ म्हणजे आत. ‘व्हर्ट’ म्हणजे वळणं आणि ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणं. हा ‘स्पेक्ट’ तुमच्या रोजच्या ‘इन्स्पेक्शन’मध्येही आहे.

इंट्रोव्हर्ट हा स्वभाव. कार्ल युंग यांनी १९२१ साली स्वभावप्रकारांवरचं पुस्तक लिहिलं, त्यानंतर हा शब्द सगळीकडे पोचला. एखादा माणूस इंट्रोव्हर्ट असतो किंवा नसतो, ‘इंट्रोव्हर्ट व्हा’ असं कोणी कोणाला सांगत नाही. इंट्रोस्पेक्ट ही मात्र करायची गोष्ट आहे: आपल्या मनात काय चाललंय, आपल्याला काय वाटलं, आपला हेतू काय होता, हे आपणच तपासून पाहायचं. म्हणजे तुम्ही कमी बोलता की जास्त, याबद्दल साहेबांनी काहीही म्हटलेलं नाही. बोलता कशा, ते तपासा, एवढंच म्हटलंय.

आता या शब्दाचा आपल्याकडचा वापर. परदेशी ऑफिसांत असं सांगायचं असेल तर बहुधा ‘रिफ्लेक्ट’ म्हणतात. ‘इंट्रोस्पेक्ट’ हे क्रियापद आपल्या भारतीय इंग्रजीत जास्त रुळलंय आणि तेही एका ठरावीक प्रसंगी. निवडणूक हरली की पक्ष इंट्रोस्पेक्ट करतो, मालिका हरली की संघ इंट्रोस्पेक्ट करतो. मराठी बातम्यांतही पराभव झाला की लगेच आत्मचिंतन आणि चिंतन बैठक येते, जिंकल्यावर फारसं कोणी आत्मचिंतन करायला बसत नाही. या वापरामुळे मूळच्या साध्या शब्दाला एक सूर चिकटलाय: काहीतरी बिघडलंय आणि त्यात तुमचा वाटा आहे. साहेबांच्या ओळीत तो सूर आहे, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. ती तक्रार आहे. मिस्टर म्हणतात तसा नुसता रकाना भरायचा असता तर ‘गुड’ लिहूनही भरला असता, आणि रेटिंगही खाली आलं नसतं.

पण तक्रार म्हणजे निकाल नव्हे. ‘तपासून पाहा’ म्हणणाऱ्याने तपासात काय सापडेल ते अजून सांगितलेलं नाही. आणि माझ्या मते त्या ओळीत तुमच्यापेक्षा मोठी उणीव तिची स्वतःचीच आहे: तिच्यात एकही प्रसंग नाही. कम्युनिकेशन म्हणजे काय? आवाज चढतो? मेलमध्ये दहा जणांना सीसी असतं? शेरे तिरकस असतात? उशिरा कळवता? काहीच नाही. तुमच्या टेबलावर कोणी असं डेव्हिएशन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीपेक्षा वेगळं काही घडल्याची नोंद, आणून ठेवलं, ‘प्रॉडक्शनमध्ये काहीतरी गडबड आहे’ एवढंच लिहून, तर तुम्ही ते त्याच पावली परत पाठवाल. बॅच नंबर नाही, तारीख नाही, काय अपेक्षित होतं आणि काय झालं याचा पत्ता नाही. असा कागद तुम्ही उचलून रात्री घरी नेलात आणि बारा वर्षांच्या सगळ्या बॅचेस एकदम उघडून बसलात.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी नकारार्थी देते. रात्री जे चाललंय ते आत्मपरीक्षण नाही. ते रवंथ आहे. मानसशास्त्रात याला ‘रुमिनेशन’ म्हणतात आणि त्या शब्दाचाही मूळ अर्थ रवंथच. सुझन नोलेन-होक्सेमा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आयुष्यभर याच विषयावर काम केलं. उदास वाटत असताना ‘मला असं का होतंय, माझ्यातच काय खोट आहे’ हे पुन्हा पुन्हा घोळवणाऱ्यांची उदासी लांबते आणि समोरचा प्रश्न सोडवायची ताकदही कमी होते, असं त्यांना दिसलं. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये ही सवय जास्त आढळते, हेही त्यांच्या कामातून पुढे आलं.

फसगत अशी की आतून दोन्ही सारखंच वाटतं. स्वतःबद्दल विचार चाललाय, त्रास होतोय, म्हणजे आपण प्रामाणिकपणे स्वतःला तपासतोय असं वाटतं. पण खुणा वेगळ्या असतात. रवंथात प्रसंग बदलत राहतात, एकावर थांबणं होत नाही. त्यात आपल्यापेक्षा इतरांच्या मनाचाच विचार जास्त असतो. आणि ते कधी संपत नाही, झोप लागली की खंड पडतो इतकंच. तुमचं पत्र मी परत एकदा वाचलं. साहेबांना कोणी सांगितलं असेल, ते काय समजतात, पुढच्या वर्षी काय होईल, हे सगळं इतरांबद्दल आहे. तुमच्याबद्दलचा, तपासण्याजोगा मजकूर एकच: त्या नव्या मुलाचा प्रसंग. तोही तुम्ही घाईने ओलांडलात, ‘पण’ म्हणून.

त्या ‘पण’वर मला थोडं थांबायचंय, त्यासाठी मात्र जरा मागे जायला हवं. माणसाला स्वतःच्या मनात किती दिसतं, हा प्रश्न फार जुना आहे आणि त्यावर खूप भांडणं झाली आहेत. त्यातल्या तीन-चार तुमच्या थेट उपयोगाच्या आहेत.

एकोणिसाव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कोंत यांनी आत्मनिरीक्षणावर मूळ आक्षेप घेतला. विचार करणारा आणि त्या विचाराकडे पाहणारा एकच माणूस आहे, तो एकाच वेळी दोन कसा होणार? रागात असताना रागाचं निरीक्षण करायला जावं तर राग तोच राहत नाही. जॉन स्टुअर्ट मिल यांनी यावर दिलेलं उत्तर अगदी व्यवहारी आहे: प्रसंग चालू असताना नका पाहू, संपल्यावर लगेच, आठवण ताजी आहे तोवर पाहा. माझ्या लेखी ‘लगेच’ या शब्दाला मोठी किंमत आहे. बारा वर्षांपूर्वीच्या बोलण्याचं निरीक्षण होत नसतं, त्याची फक्त गोष्ट तयार होते आणि दर रात्री ती थोडी बदलते.

पुढे १८७९ मध्ये विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीत लाइपझिग विद्यापीठात मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. आधुनिक मानसशास्त्राची सुरुवात इथून मानतात. आत पाहणं हेच त्यांच्या हातातलं साधन होतं, पण त्यांनी ते किती बांधून वापरलं बघा. पाहणारी माणसं सरावलेली. समोर अगदी साधी गोष्ट, एखादा आवाज, एखादा प्रकाश, मेट्रोनोमची (ठेका देणाऱ्या यंत्राची) टिकटिक. आणि काय जाणवलं ते तिथल्या तिथे सांगायचं. ‘तुमचं आयुष्य असं का झालं’ हे त्या प्रयोगशाळेत कोणी विचारत नव्हतं.

नंतरच्यांनी हीच पद्धत मोठ्या, गुंतागुंतीच्या विचारांना लावली आणि गाडी अडली. एका गटातले लोक म्हणू लागले की मनात चित्र न उमटताही विचार येतो. दुसऱ्या गटातले म्हणाले, आम्हाला तर प्रत्येक वेळी चित्र दिसतं. आता खरं कोणाचं मानायचं? एकाच्या मनात दुसऱ्याला डोकावता येत नाही, मग पंच कोण होणार? शेवटी १९१३ मध्ये जॉन वॉटसन यांनी अमेरिकेत जाहीर केलं की हे साधनच बाजूला ठेवा, माणूस वागतो काय तेवढंच पाहा. त्यानंतर बराच काळ इंट्रोस्पेक्शनला तिथल्या मानसशास्त्रात मानाची जागा नव्हती.

आणि १९७७ साली रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांचा एक गाजलेला शोधनिबंध आला. त्यातला एक प्रयोग मी कधी विसरत नाही. दुकानात टेबलावर नायलॉन मोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारलं, यातला चांगला कुठला? सगळ्यात उजवीकडचा जोड डावीकडच्या टोकाच्या जोडापेक्षा जवळजवळ चौपट वेळा निवडला गेला. का निवडला, असं विचारल्यावर लोकांनी कारणंही दिली, मोज्यांचा दर्जा कसा आहे वगैरे. प्रत्यक्षात चारही जोड अगदी एकसारखे होते. जागेमुळे निवडला असं एकानेही आपणहून सांगितलं नाही, आणि तसं सुचवून पाहिल्यावर जवळपास सगळ्यांनी ते नाकारलं. ही माणसं खोटं बोलत नव्हती. आपल्या कृतीचं कारण आपल्याला आत दिसतंय असं त्यांना मनापासून वाटत होतं. प्रत्यक्षात पटेल असं एक कारण त्यांनी त्याच क्षणी शोधून काढलं होतं.

आता तुमच्या ‘पण’कडे येऊ. ‘पण त्या दिवशी डिस्पॅचची गाडी उभी होती.’ तुम्ही त्या मुलावर का चिडलात, याचं हे कारण आहे. ते खरं असेलही. पण ते त्या मोज्यांच्या दर्जासारखंही असू शकतं: पटण्यासारखं, हाताशी असलेलं, आणि तुम्हाला मोकळं करणारं. कोणतं खरं ते अंथरुणात पडून कितीही विचार केला तरी ठरणार नाही, कारण ‘का’ हा प्रश्न आत पाहून सुटतोच असं नाही. ‘माझा स्वभावच वाईट’ हे कारणही याच जातीचं. ते तुम्हाला मोकळं करत नाही, छळतं, म्हणून ते जास्त खरं असं समजू नका.

मग आत पाहून दिसतं काय? त्या क्षणी काय वाटलं. अंगात काय झालं. तोंडातून नेमके कोणते शब्द गेले. समोरच्याकडून काय हवं होतं. याचं उत्तर बऱ्यापैकी मिळतं, म्हणून काम इथून सुरू करा. आणि ते कसं करायचं हे तुम्हाला मी शिकवायची गरजच नाही. तुम्ही रोज डेव्हिएशन लिहिता, वाचता, तपासता. आधी काय झालं ते, कारण नंतर. तसंच एक लिहा.

कागद घ्या, फोन नको. एकच प्रसंग, त्या मुलाचा. तारीख आठवत असेल तर तारीख, नाहीतर महिना. जागा कोणती, शॉप फ्लोअर की तुमचं टेबल? आजूबाजूला कोण कोण होतं? त्याने काय लिहून आणलं होतं? तुम्ही काय म्हणालात, शब्दाला शब्द? तो काय म्हणाला, की काहीच म्हणाला नाही? इथपर्यंत ‘कारण’, ‘म्हणून’, ‘पण’ हे तीन शब्द येऊ द्यायचे नाहीत. मग दुसरा भाग: मला काय वाटत होतं? गाडीची घाई, हे ठीक. आणखी काही? आपली सही आहे, उद्या ऑडिटमध्ये हे पान उघडलं तर प्रश्न आपल्याला विचारतील, ही भीती? इतक्या वेळा ट्रेनिंग देऊनही तेच, हा कंटाळा? सगळे बघतायत, यांना एकदा कळू दे, असं काही? यातलं काय होतं मला माहीत नाही, ते फक्त तुम्हालाच माहीत असू शकतं. जे असेल ते लिहा, त्याच्यापुढे चांगलं-वाईट लिहू नका.

तिसरा भाग दोन ओळींचा: मला त्याच्याकडून काय हवं होतं, आणि ‘एवढंही येत नाही का?’ या वाक्याने ते मिळालं का? माझा अंदाज सांगते. तुम्हाला हवं होतं की त्याने पुढच्या वेळी चुकीच्या नोंदीवर एक सरळ रेघ मारावी, शेजारी बरोबर नोंद करावी, सही आणि तारीख टाकावी. पण तुमच्या वाक्यात रेघ नव्हती, सही नव्हती, तारीख नव्हती. काय करायचं ते त्यात सांगितलंच नव्हतं. चूक त्याची होती, तुमची हरकतही रास्त होती, आणि तरी ते वाक्य त्या चुकीच्या काही कामाचं नव्हतं. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, एकीने दुसरी खोडली जात नाही.

त्याला जो नियम लागू होता तोच इथेही आहे. चुकीची नोंद गिरवून झाकायची नसते, व्हाइटनर लावायचा नसतो. रेघ एकच मारायची, म्हणजे खालचं आधीचं लिहिलेलं वाचता येतं. ‘गाडी उभी होती’ हे तुम्ही त्या वाक्यावर गिरवलं आहे. ते बाजूला लिहा, तिथे ती माहिती म्हणून हवीच आहे. वर नको.

या लिहिण्याला वेळ ठरवा. जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मध्ये मनातलं लिहून काढण्यावरचा जो पहिला प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला सांगितलं होतं. तेवढं पुरतं. दिवसा लिहा, रात्री नको, आणि वेळ संपली की कागद बंद. तुमच्या ओळखीत कोणी जैन कुटुंब असेल तर प्रतिक्रमण त्यांना विचारा. आपल्या हातून काय झालं ते आठवून त्याबद्दल क्षमा मागायची ही फार जुनी रीत आहे आणि तिची वेळ ठरलेली असते, दिवसाचं संध्याकाळी, रात्रीचं पहाटे. सुरुवात असते तसा शेवटही असतो. दोष आठवणं रोजचं असलं तरी ते दिवसभर उगाळत बसायचं नसतं, ही समज मला फार मोलाची वाटते.

लिहिताना ‘मी’ या शब्दापाशी अडकायला झालं, घशाशी आलं, तर स्वतःला नावाने हाक मारून लिहा: अमुक बाई, तुम्ही तेव्हा काय म्हणालात? विचित्र वाटेल, पण ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांत असं दिसलं आहे की स्वतःशी ‘मी’ऐवजी नावाने किंवा ‘तू’ म्हणून बोललं की त्रासदायक प्रसंगाकडे जरा अंतरावरून पाहता येतं. आपल्याला हे अगदीच नवीन नाही. समर्थांचे मनाचे श्लोक २०५ आहेत, आणि त्यांत मनाला हाक मारून, समोर बसवून समजावलेलं आहे. लहानपणी पाठ केले असतील तर तो सूर तुमच्या कानात असेलच. त्यात मनाला दटावलंय, पण ‘सज्जना’ही म्हटलंय.

चौथा भाग तुम्हाला एकटीला लिहिता येणार नाही: त्या मुलाला काय वाटलं? ते तुमच्या मनात नाही, त्याच्या मनात आहे, म्हणून ते विचारावं लागतं. साहेबांच्या मनाचंही तेच. रात्रीचा अर्ध्याहून जास्त वेळ तुम्ही असं काहीतरी शोधताय जे तुमच्याजवळ नाहीच.

साहेबांकडे जा. फॉर्म भरायच्या आधी, शुक्रवारच्या दोन-तीन दिवस आधी, दहा मिनिटांची वेळ मागून. तक्रार घेऊन आलाय असं वाटू देऊ नका, रडू येईल अशा दिवशीही जाऊ नका. साधं म्हणा: ‘सर, शेरा वाचला. मला यावर काम करायचंय. गेल्या वर्षातला एखाद-दुसरा प्रसंग सांगाल का, म्हणजे नेमकं काय बदलायचं ते मला कळेल?’ आणि मग गप्प बसा. ते प्रसंग सांगत असताना मध्ये ‘पण सर’ म्हणू नका, वहीत लिहून घ्या. ते कदाचित त्या मुलाचाच प्रसंग सांगतील. कदाचित भलताच सांगतील, जो तुमच्या रात्रीच्या यादीत नव्हताच. आणि कदाचित त्यांना एकही सांगता येणार नाही. तसं झालं तर विजय मिळाल्यासारखं वागू नका, ‘पुढे असं काही जाणवलं तर त्याच वेळी सांगा सर, मला मदत होईल’ म्हणा. नेमका शेरा मिळणं हा तुमचा हक्क आहे, आणि तो नम्रपणे मागता येतो.

एक गोष्ट तुमच्या बाजूची. क्वालिटी अ‍ॅशुरन्सचं कामच अडवण्याचं आहे. प्रॉडक्शनला माल काढायचा असतो आणि तुम्ही कागद परत करता. हे काम नीट करणारी व्यक्ती सगळ्यांची लाडकी नसते, आणि त्यातून बाई असेल तर जे पुरुषाच्या तोंडी ‘कडक’ ठरतं ते तिच्या तोंडी ‘तुसडं’ ठरतं, हे मी अनेक बायकांकडून ऐकलेलं आहे. म्हणून साहेबांनी दिलेले प्रसंग लिहून घेतल्यावर प्रत्येकापुढे एक प्रश्न विचारा: इथे माझी हरकत लोकांना नको होती, की ती सांगायची पद्धत? हरकत नको असेल तर तिथे बदलायचं काही नाही. ओव्हररायटिंग असलेलं बीएमआर परतच जायला हवं, ते औषध कोणाच्या तरी पोटात जाणार आहे. पद्धतीबद्दल असेल तर बदल छोटाच असतो. चारचौघांत नाही, बाजूला. ‘येत नाही का’ नाही, ‘इथे एक रेघ मारून सही-तारीख टाक’.

त्या मुलाशीही बोला, बोलावं असं मला फार वाटतं. एकटा असताना, दोन वाक्यं: ‘त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलले ते बरोबर नव्हतं. चूक दाखवायची होती, ती बाजूला घेऊन दाखवायला हवी होती.’ गाडीचा उल्लेख नको. त्याने ‘असू द्या मॅडम’ म्हटलं की विषय तिथेच संपवा, त्याच्याकडून माफीची पावती मागू नका.

मिस्टरांना सांगा की ते अर्धे बरोबर आहेत. रात्रीपुरतं खरंच सोडून द्यायचंय. दिवसा मात्र नाही.

आणि झोपेचं हलक्यात घेऊ नका. कागदावर लिहून झालं, साहेबांशी बोलून झालं, तरीही झोप येत नसेल, जेवणावरून मन उडालं असेल, सकाळी उठून कामावर जावंसंच वाटत नसेल, तर फॅमिली डॉक्टरांना हे स्पष्ट शब्दांत सांगा. सरकारची टेलिमानस ही मोफत फोनसेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. त्यासाठी आजार फार मोठा असायला लागत नाही.

आता रकाना. हा शब्द वापरू का, असं तुम्ही विचारलंत. माझा सल्ला, वापरू नका. ‘आय विल इंट्रोस्पेक्ट’ हे व्याकरणात बसतं, पण शेऱ्यातलाच शब्द त्यांना परत केल्यासारखं दिसतं आणि त्यातून तुम्ही काय करणार ते काहीच कळत नाही. शिवाय तो शब्द न बिचकता वापरता येईल इतका अजून तुमचा झालेला नाही, आणि फॉर्मवर आपल्या सहीच्या वर आपल्याच शब्दांत लिहिलेलं असावं. वापरायचाच झाला तर एवढं लक्षात ठेवा: इंट्रोस्पेक्ट हे क्रियापद, इंट्रोस्पेक्शन हे नाम, आणि माणसाला ‘इंट्रोस्पेक्टिव्ह’ म्हटलं तर ते सहसा कौतुक असतं.

माफीनामा लिहू नका आणि बचावही लिहू नका. साहेबांशी बोलणं झाल्यावर त्यातला एक प्रसंग आणि एक बदल, बास. साधारण असं: ‘आय आस्क्ड फॉर एक्झाम्पल्स अँड डिस्कस्ड देम विथ माय मॅनेजर. आय विल गिव्ह करेक्शन्स ऑन रेकॉर्ड्स वन-टू-वन अँड से क्लिअरली व्हॉट नीड्स टू बी करेक्टेड. आय रिक्वेस्ट अ रिव्ह्यू ऑफ धिस आफ्टर थ्री मंथ्स.’ शेवटचं वाक्य गाळू नका. त्याने हा विषय पुढच्या अप्रेझलपर्यंत लोंबकळत राहणार नाही, आणि तीन महिन्यांनी साहेबांनाही नेमकं काहीतरी सांगावं लागेल. भेटीची तारीख रकान्यात लिहा. साहेबांना एकही प्रसंग सांगता आला नसेल तर पहिल्या वाक्याऐवजी लिहा, ‘आय हॅव रिक्वेस्टेड स्पेसिफिक एक्झाम्पल्स’, आणि बाकीचं तसंच ठेवा. सही करायच्या आधी फॉर्मची एक प्रत स्वतःजवळ घ्या.